पहिल्या पुस्तकानंतर काय वाचावे?

'बेसिक झालंय, आता ॲडव्हान्स्ड कुठून शिकू?' डब्लिनमधल्या सँडीफोर्डला नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींकडून हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कधी लुआस ट्रॅममध्ये उभ्याउभ्या, कधी बीकन साउथ क्वार्टरमध्ये भाजी घेताना, कधी गणपतीची आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातात असताना. विचारणाऱ्याने पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात संख्याशास्त्र नाहीतर संगणकशास्त्र शिकलेले असते. एसएएस, आर, पायथन, एसक्यूएल यांपैकी दोन भाषा हाताखालून गेलेल्या असतात, दोन-तीन वर्षे नोकरी झालेली असते. रोजचे काम अडत नाही. पण शेजारच्या टेबलावरची बाई चाळीस ओळींत जे करते त्याला आपल्याला चारशे ओळी का लागतात, आणि तिचा प्रोग्रॅम एका मिनिटात संपतो तेव्हा आपला अजून फिरतच का असतो, हे काही केल्या कळत नाही.

या प्रश्नाला मी आजवर तोंडी उत्तरे देत आले. ती तुकड्यातुकड्यांची होती आणि विचारणारा निघून गेल्यावर 'अरे, हे सांगायचे राहिलेच' असे दर वेळी वाटायचे. म्हणून हा आढावा.

आधी जागेविषयी थोडे. डब्लिनच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी असलेला हा भाग पूर्वी कारखान्यांची वसाहत होता. २००४ साली लुआसची ग्रीन लाइन शहराच्या मध्यातून सँडीफोर्डपर्यंत आली. आज लगतच्या लेपर्डस्टाउनमधल्या साउथ काउंटी बिझनेस पार्कमध्ये मायक्रोसॉफ्टचे २०१८ साली उघडलेले संकुल आहे. तिथेच आयकॉन या औषधचाचण्या घेणाऱ्या कंपनीचे मुख्यालय आहे. आयकॉन १९९० साली डब्लिनमध्ये सुरू झाली आणि २०२१ साली तिने पीआरए हेल्थ सायन्सेस ही कंपनी विकत घेतली. मास्टरकार्ड आणि व्होडाफोनही याच परिसरात आहेत. म्हणजे डेटा हाताळणारे दोन तऱ्हेचे लोक इथे एकाच डब्यातून उतरतात. एक औषधचाचण्यांकडचे: त्यांची भाषा एसएएस, अलीकडे आर. दुसरे बँक, टेलिफोन, सॉफ्टवेअरकडचे: त्यांची भाषा एसक्यूएल आणि पायथन. पुण्याशी या दोन्हींचे नाते घट्ट आहे. एसएएसचे संशोधन आणि विकासाचे केंद्र पुण्यात आहे. सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी १९८७ साली स्थापन केलेल्या सायटेल या कंपनीचे मोठे कामही पुण्यात चालते. त्यामुळे सँडीफोर्डमधला प्रश्न हडपसरचाही आहे.

सुरुवातीचे शिकवणारी साधने इतकी आहेत की निवडताना दमायला होते. पुढची मात्र विखुरलेली आणि बिननावाची आहेत. याचे पहिले कारण सरळ आहे. पहिला धडा लाखोंना हवा असतो, विसावा काही शेकड्यांना, त्यामुळे विसावा धडा विकून कुणाचे पोट भरत नाही. दुसरे कारण शिकणाऱ्याच्या बाजूचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते: जे माहीतच नाही त्याचे नाव शोधायच्या चौकटीत कसे टाकणार? 'विंडो फंक्शन' हा शब्द ज्याने ऐकलेला नाही तो आधीच्या ओळीशी तुलना करायला टेबल स्वतःशीच जोडत बसतो. उत्तर बरोबर येते, म्हणून आपण काही चुकवतो आहोत असे त्याला वाटतही नाही. एसक्यूएलच्या प्रमाण स्वरूपात ही सोय २००३ सालीच आली, आणि आजही मुलाखतीला येणारी कितीतरी मुले तिच्याशिवाय आलेली असतात.

म्हणून पहिले साधन म्हणून मी पुस्तकाआधी अनुक्रमणिका सुचवते. एसएएसच्या ॲडव्हान्स्ड प्रोग्रॅमिंग परीक्षेचा अभ्यासक्रम फुकट वाचता येतो. त्यात एसक्यूएल, मॅक्रो आणि अ‍ॅरे-हॅशसारखी पुढची तंत्रे अशी विभागणी आहे. परीक्षा द्यायची की नाही हा नंतरचा विचार. कागद छापून घ्या आणि ज्या शब्दांचा अर्थ शेजाऱ्याला समजावून सांगता येणार नाही त्यांवर खूण करा. दहा खुणा झाल्या तर दहा आठवड्यांचा अभ्यास समोर आला.

आता 'प्रगत' म्हणजे काय, याबद्दल माझे मत. ते पुढच्या सगळ्या शिफारशींच्या मुळाशी आहे. प्रगत म्हणजे जास्त आज्ञा पाठ असणे, असा समज आहे. माझ्या मते तो घातक आहे. डेटावरून यंत्र कसे जाते, एकेक ओळ घेत की अख्खा स्तंभ उचलून, स्मृतीत ठेवून की तबकडीवरून, आधी क्रम लावून की निर्देशिका चाळून, हे डोळ्यांपुढे उभे राहणे म्हणजे प्रगती. एक उदाहरण घ्या. रुग्णांच्या यादीत काहींचे वय नोंदलेलेच नाही. तुम्ही विचारता: वय १८ पेक्षा कमी असलेले किती? एसएएसमध्ये रिकामा आकडा हा कोणत्याही संख्येपेक्षा लहान धरला जातो, त्यामुळे वय न नोंदलेले सगळे अल्पवयीनांत मोजले जातात. एसक्यूएलमध्ये तुलनेचे उत्तर 'ठाऊक नाही' असे येते आणि त्या ओळी गळतात. आरमध्ये चौकटी कंसाने गाळले तर त्यांच्या जागी सगळे रकाने रिकामे असलेल्या ओळी येतात, आणि डिप्लायर या पॅकेजच्या फिल्टरने गाळले तर त्या नाहीशा होतात. पायथनच्या पांडाजमध्ये तुलना 'खोटे' ठरते. प्रश्न एकच, पण मोजणी भाषेप्रमाणे बदलते, आणि यांतली एकही भाषा चूक म्हणून थांबत नाही.

ज्यांच्या नावाने बुलियन हा शब्द आला ते जॉर्ज बूल १८४९ साली आयर्लंडमध्येच, कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात, गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचा तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ १८५४ साली तिथे असतानाच प्रसिद्ध झाला. त्यांच्या बीजगणितात दोनच किमती होत्या. डेटाबेसवाल्यांनी 'ठाऊक नाही' ही तिसरी आणली आणि आपल्या बहुतेक चुका त्या तिसरीच्या आसपास घडतात. कोणतेही पुस्तक हातात घेतले की मी आधी रिकाम्या किमतींचे प्रकरण उघडते. ते दोन ओळींत उरकले असेल तर पुस्तक परत ठेवते.

दुसरे उदाहरण माझ्या स्वतःच्या चुकीचे आहे. पहिल्या नोकरीत मी रुग्णांनी घेतलेली औषधे आणि त्यांना झालेले त्रास अशा दोन याद्या रुग्णक्रमांकावर मर्ज केल्या. दोन्ही याद्यांत एकेका रुग्णाच्या अनेक ओळी होत्या. एसक्यूएलचा जॉइन अशा वेळी प्रत्येक ओळीची प्रत्येकीशी जोडी लावतो. एसएएसचा मर्ज पहिलीशी पहिली, दुसरीशी दुसरी अशी लावतो, आणि एक यादी आधी संपली की तिची शेवटची किंमत पुढे ओढत नेतो. माझे टेबल दिसायला नेटके होते. लॉगमध्ये एक ओळ आली होती की एकाहून अधिक डेटासेटमध्ये 'बाय'च्या, म्हणजे रुग्णक्रमांकाच्या, किमती पुन्हापुन्हा आल्या आहेत. ती लाल नव्हती, नुसती नोंद होती. मी वाचली नाही. तीन आठवडे ते आकडे पुढच्या तक्त्यांत फिरत राहिले. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्याशेजारी बसून कागदावर दोन याद्या काढल्या आणि पेन्सिलीने बाण ओढून दाखवले, तेव्हा मला ओळीमागून ओळ डेटा वाचणारी एसएएसची डेटा स्टेप कळली. त्याआधी मी ती दोन वर्षे लिहीत होते.

ते पेन्सिलीचे बाण ज्यात छापलेले आहेत असे साहित्य आहे, आणि ते फुकट आहे. एसएएस वापरणाऱ्यांची पहिली परिषद १९७६ साली फ्लोरिडातल्या किसिमी या गावी भरली. त्यानंतर दरवर्षी कामावरची माणसे त्या परिषदेत निबंध वाचत असत. २००७ पासून त्या परिषदेला एसएएस ग्लोबल फोरम म्हणू लागले. औषधक्षेत्राच्या फार्मासग आणि युरोपात २००४ साली स्थापन झालेल्या फ्यूज संस्थेच्या परिषदा वेगळ्या. या सगळ्यांचे हजारो निबंध लेक्स जॅन्सन यांनी एका ठिकाणी जमवून शोधता येतील असे ठेवले आहेत. कोणत्याही विद्यापीठात शिकवला जात नाही असा हा ग्रंथसंग्रह आहे, आणि एसएएसच्या माणसाला मी सर्वांत आधी तिकडेच पाठवते. निबंध आठ-दहा पानांचा असतो. लिहिणारा स्वतः अडलेला असतो, त्यामुळे तो अडचणीपासून सुरुवात करतो. आर्थर ली यांचे डेटा स्टेपच्या अंतरंगावरचे निबंध घ्या. प्रोग्रॅम आधी कसा तपासला जातो, मग एका ओळीपुरती जागा स्मृतीत कशी मांडली जाते, दर फेरीला त्यातले काय पुसले जाते आणि काय टिकते, हे ते चौकटी काढून दाखवतात. इयन व्हिटलॉक यांचे लेखन त्याच्या पुढचे: डेटा स्टेपमध्ये विचार कसा करायचा याचे. पॉल डॉर्फमन यांनी हॅश टेबलवर आणि डाऊ-लूप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रचनेवर वर्षानुवर्षे लिहिले. डॉन हेंडरसन यांच्याबरोबरचे त्यांचे हॅशवरचे पुस्तक २०१८ साली आले.

डॉर्फमन एका बैठकीत वाचून होत नाहीत. त्यासाठी आम्ही चौघे शिकणारे शनिवारी सकाळी बसायचो, एक निबंध घ्यायचो, प्रत्येक उदाहरण स्वतः टाइप करायचो आणि पुढची ओळ चालवण्याआधी काय येईल ते वहीत लिहायचो. डाऊ-लूपच्या निबंधाला आम्हाला तीन शनिवार लागले. त्या तीन शनिवारांनंतर माझ्या कामातले निम्मे सॉर्ट गेले.

एक सावधगिरी. १९९०च्या दशकातले काही निबंध तबकडीवरची जागा वाचवण्याच्या युक्त्यांनी भरलेले आहेत. त्या आज निरुपयोगी आहेत. निबंधाचे साल पाहा आणि लेखक कशाची काटकसर करतो आहे ते पाहा. यंत्राच्या वेळेची असेल तर ताडून घ्या, वाचणाऱ्याच्या वेळेची असेल तर निबंध अजून ताजा आहे. सरावासाठी एसएएस ऑनडिमांड फॉर ॲकॅडेमिक्स ब्राउझरमध्ये विनामूल्य मिळते, त्यामुळे घरी लायसन्स नाही ही सबब राहिलेली नाही.

आरकडे वळणाऱ्या एसएएसवाल्यांची संख्या इथे वाढते आहे आणि त्यांची पहिली ठेच ठरलेली असते. ते आरमध्ये एसएएस लिहितात: ओळीमागून ओळ, लूपमागून लूप. त्यांना हॅडली विकम यांचे 'ॲडव्हान्स्ड आर' वाचायला द्यावे. दुसरी आवृत्ती २०१९ची, पूर्ण पुस्तक इंटरनेटवर मोफत. त्यातली नावे आणि किमती, फंक्शन, एन्व्हायरन्मेंट ही प्रकरणे आधी करावीत. एखादी किंमत बदलली की तिची प्रत कधी होते आणि कधी होत नाही हे कळले, की आर संथ आहे ही तक्रार बरीच कमी होते. विकम यांचा टायडी डेटावरचा २०१४चा निबंध त्याआधी वाचला तर उत्तम. तो आरपुरता नाही, एक्सेल वापरणाऱ्यालाही उपयोगी पडेल. औषधक्षेत्रात २०२१ साली आर कन्सॉर्टियमच्या गटाने अमेरिकेच्या एफडीएकडे आरमध्ये केलेले पहिले प्रायोगिक सबमिशन पाठवले. ते सगळ्यांना वाचायला खुले आहे. फार्माव्हर्स या छत्राखालच्या ॲडमिरल वगैरे पॅकेजेसचा कोडही तसाच उघडा आहे. दुसऱ्याचा चांगला कोड वाचणे ही सवय आपल्याकडे कुणी लावत नाही. गाण्यात ऐकल्याशिवाय शिकता येत नाही हे मान्य असलेल्या समाजाने हे इतके दुर्लक्षिले आहे, याचे मला वाईट वाटते.

पायथनबद्दल थोडक्यात. पांडाजचे जनक वेस मॅकिनी यांचे पुस्तक तिसऱ्या आवृत्तीत, २०२२ साली, लेखकाने वाचनासाठी खुले केले. जेक व्हँडरप्लास यांचेही मोफत आहे. ही दोन सोडून तिसरे विकत घेण्याची घाई करू नये.

एसक्यूएलची गोष्ट वेगळी आहे. ती सगळ्यांना येते असे सगळ्यांना वाटते, म्हणून तीच सर्वांत कमी शिकली जाते. मार्कुस विनांड यांचे निर्देशिकांवरचे लेखन, 'यूज द इंडेक्स, ल्यूक', विनामूल्य आहे. वेग या एकाच विषयाला धरून ते शेवटपर्यंत जाते आणि प्रमुख डेटाबेससाठी वेगवेगळे सांगते. कार्नेगी मेलन विद्यापीठातले अँडी पाव्हलो यांचे डेटाबेसवरचे वर्गच्या वर्ग यूट्यूबवर आहेत. दाराआड काय चालते ते ज्यांना पाहायचे आहे त्यांनी एक हिवाळा त्यांना द्यावा. इथे चारलाच अंधारते, वेळ मिळतो. मार्टिन क्लेपमन यांचे 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स' हे २०१७चे पुस्तक मोठ्या व्यवस्थांवर काम करणाऱ्यांसाठी. ते मात्र तीन-चार वर्षांचा अनुभव गाठीशी आल्यावरच भिडते. घरच्या लॅपटॉपवर सरावासाठी ॲमस्टरडॅमच्या संशोधनसंस्थेत जन्मलेले डकडीबी वापरा. सर्व्हर लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि कोट्यवधी ओळींवर विंडो फंक्शन चालवून पाहता येते.

पुस्तके कुठून? महाग पुस्तक विकत घेण्याआधी वाचनालयाचे कार्ड काढा. आयर्लंडच्या सार्वजनिक वाचनालयांचे सभासदत्व मोफत आहे, २०१९ पासून उशिराचा दंडही नाही, आणि एका कार्डावर देशातल्या कोणत्याही काउंटीतले पुस्तक जवळच्या शाखेत मागवता येते. डन लिअरीचे लेक्सिकन वाचनालय २०१४ साली उघडले. समुद्राकडे तोंड करून बसायला जागा आहे, आणि सलग चार तास कुणी उठवत नाही.

वाचन कितीही झाले तरी हात चालतो तो खऱ्या, अस्वच्छ डेटावर. अभ्यासक्रमांतले डेटासेट धुऊन इस्त्री केलेले असतात. आयर्लंडमध्ये याला एक नामी तोड आहे: प्रॉपर्टी प्राइस रजिस्टर. १ जानेवारी २०१० पासून देशात विकल्या गेलेल्या घरांची तारीख, पत्ता आणि किंमत त्यात आहे आणि कुणालाही ती उतरवून घेता येते. घर घ्यायचा विचार करणारे प्रत्येक मराठी कुटुंब ते चाळतेच. आता त्यालाच एक प्रश्न विचारा: सँडीफोर्डमधल्या घरांची मध्यक किंमत वर्षागणिक कशी बदलली? दहा मिनिटांचे काम वाटते. फाइल उघडल्यावर किमतीतले युरोचे चिन्ह भलतेच दिसू लागते, कारण अक्षरांची संकेतप्रणाली तुम्ही गृहीत धरली ती नाही. पत्ते हाताने भरलेले आहेत. एकाच वसाहतीचे नाव तीन-चार तऱ्हांनी येते, कुठे गाव आहे, कुठे नुसते डब्लिन १८. काही ओळी आयरिश भाषेत आहेत, शहराचे नावही. नव्या घरांची किंमत व्हॅट वगळून दिलेली आहे, जुन्यांची तशी नाही, म्हणजे दोन्ही एका स्तंभात असूनही तुलनेच्या लायकीची नाहीत. काही व्यवहार पूर्ण बाजारभावाने झालेले नाहीत, त्यांवर वेगळी खूण आहे. एअरकोड हे इथले टपालाचे संकेतांक २०१५ साली आले, त्याआधीच्या नोंदींना पत्त्याचाच आधार. हा एक प्रश्न नीट सोडवला तर अक्षरसंकेत, शब्दांचे अंदाजी जुळवणे, द्विरुक्ती काढणे, गट आणि मध्यक, आणि प्रत्येक निर्णय लिहून ठेवण्याची शिस्त हे सगळे होते. मी मुलाखती घेते तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा असे एक काम मला जास्त सांगून जाते.

औषधक्षेत्रात जायचे असेल तर चाचण्यांच्या डेटाची प्रमाण मांडणी ठरवणाऱ्या सीडिस्क या संस्थेच्या प्रायोगिक अभ्यासाचा डेटा खुला आहे. तो अल्झायमरच्या रुग्णांवरच्या एका जुन्या चाचणीचा आहे. त्यातल्या मूळ व्यक्तींच्या यादीत ३०६ ओळी आहेत आणि विश्लेषणाच्या यादीत २५४. मधले ५२ कुठे गेले? ते चाचणीसाठी तपासले गेले पण पात्र ठरले नाहीत. हे शोधून काढणे हा पहिला धडा आणि तो कोडने सिद्ध करणे हा दुसरा. २०१६च्या डिसेंबरनंतर सुरू झालेल्या चाचण्यांसाठी एफडीएला सीडिस्कच्या मांडणीतच डेटा लागतो, त्यामुळे हा सराव थेट नोकरीचा आहे.

तिसरा सराव माझा सर्वांत आवडता, आणि तो डब्लिनचाच आहे. सेंट जेम्स गेटच्या गिनेसच्या बिअर कारखान्यात १८९९ साली विल्यम सीली गॉसेट हा तरुण रसायनतज्ज्ञ लागला. बार्लीचे थोडेच नमुने हाती असताना निष्कर्ष किती पक्का मानावा, या कामाच्या प्रश्नातून त्याने १९०८ साली 'स्टुडंट' या नावाने निबंध लिहिला. आपण टी-टेस्ट म्हणून शिकतो ते हेच. आपले सूत्र पडताळायला त्याने ३००० गुन्हेगारांच्या उंचीची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची मापे पुठ्ठ्याच्या तितक्याच तुकड्यांवर लिहिली, ती पुन्हापुन्हा पिसली, एकेक उचलली आणि चार-चारांचे ७५० गट केले. संगणक नसताना केलेले हे सिम्युलेशन होते. आरमध्ये हीच मापे 'क्रिमटॅब' नावाच्या तक्त्यात आधीपासून आलेली असतात, पण ४२ ओळी आणि २२ स्तंभांत मोजून ठेवलेली. त्या तक्त्याचे पुन्हा ३००० ओळींत रूपांतर करा, पिसा, चार-चारांचे गट पाडा, प्रत्येकाची सरासरी आणि विचलन काढा, आणि गॉसेटचे सूत्र जुळते का ते पाहा. लूप न वापरता केले तर वीस ओळींत होते. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र शिकताना टी-टेस्ट मी परीक्षेपुरती केली होती. ती मला कळली या अभ्यासातून, ज्या शहरात ती जन्मली तिथे येऊन.

पदवी आणि कोर्सबद्दल मी हात राखून बोलते, कारण त्यात लोकांचे पैसे आणि व्हिसा गुंतलेले असतात. आयर्लंडमध्ये मास्टर्स पूर्ण करणाऱ्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला नोकरीसाठी दोन वर्षांपर्यंत राहता येते, आणि त्यासाठी एम.एस्सी. करणे समजण्यासारखे आहे. पण जो आधीच नोकरीत आहे आणि ज्याला फक्त तंत्र सुधारायचे आहे त्याने त्यासाठी हजारो युरो भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संख्याशास्त्राचा पाया कच्चा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बेलफिल्डचे यूसीडी जवळ आहे आणि त्यांचा डेटा ॲनॅलिटिक्सचा ऑनलाइन मार्गही आहे. २०११ साली सुरू झालेल्या स्प्रिंगबोर्ड योजनेत सरकार फीचा मोठा भाग उचलते. मात्र युरोपबाहेरच्या नागरिकांसाठी वास्तव्याच्या अटी आहेत, तेव्हा स्वतःचा इमिग्रेशन स्टँप कोणता ते पाहूनच अर्ज करा. भारतातून शिकणाऱ्यांना आयआयटी आणि आयआयएस्सीच्या एनपीटेलवर चेन्नईच्या माधवन मुकुंद यांचा पायथन आणि डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स आहे. नावाने प्राथमिक वाटतो, पण तो विचार करायला शिकवतो. महागड्या 'ॲडव्हान्स्ड' कोर्सची पारख करायची तर शेवटच्या आठवड्याचा अभ्यासक्रम आधी वाचा. तिथेही पहिल्या पुस्तकातलीच प्रकरणे असतील तर पैसे खिशात ठेवा.

एआयला विचारून कोड लिहून घेणे आता सर्रास झाले आहे. मीही विचारते. विंडो फंक्शनचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाला ते नाव सांगणे, अनोळखी कोड समजावणे, यात त्याची मोठी मदत होते, आणि वर म्हटलेली शब्दांची अडचण त्याने खरोखर कमी केली आहे. पण रिकाम्या वयाचे रुग्ण कुठे मोजले गेले हे ते आपण होऊन सांगेलच याची खात्री नाही, आणि तक्त्याखाली सही तुमची असते.

या सगळ्याहून मोठे साधन म्हणजे तुमचा कोड वाचणारे माणूस. मला पेन्सिलीचे बाण काढून दाखवणारे कुणी भेटले नसते तर निबंधही सापडले नसते. कार्यालयात कोड तपासणीची पद्धत असेल तर तिला कटकट समजू नका. ज्येष्ठांना 'बरोबर आहे का?' एवढेच न विचारता 'तुम्ही हे कसे लिहिले असते?' असे विचारा. कार्यालयात सोय नसेल तर पायथन आयर्लंडच्या बैठका डब्लिनमध्ये होतात, त्यांचे वार्षिक संमेलन २०१० पासून भरते, आणि तिथे नवख्याला कुणी परके मानत नाही.

आता मराठीविषयी. आम्ही चौघे शनिवारी बोलत होतो ते मराठीत. हॅश टेबल म्हणजे देवळाबाहेर चपला ठेवून मिळालेला बिल्ला, नंबर सांगितला की थेट त्या खणावर हात, असे आमच्यातल्या एकीने सांगितले आणि सगळ्यांना एका वाक्यात कळले. पण छापील म्हणावे असे मराठीत या पातळीचे काहीच नाही. डेटाला परिभाषाकोशात 'आधारसामग्री' आहे, काही जण 'विदा' म्हणतात, आणि शब्द ठरण्याची वाट पाहत मजकूर लिहायचा राहून गेला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने दहा-दहा मिनिटांच्या धड्यांचे अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, ध्वनिमुद्रण करून ही वाट दाखवली आहे. त्यांनी तांत्रिक शब्द आहेत तसे ठेवले आणि समजावणे मराठीत केले. पण ते धडे सुरुवातीचे आहेत. पुढचा जिना बांधायचे काम ज्यांना तो चढता आला त्यांचे आहे, आणि ते लोक हडपसर-हिंजवडीत आणि सँडीफोर्डमध्ये आहेत.

म्हणून ज्यांना हे काम येते त्यांना माझी विनंती आहे. तुम्हाला ज्या एका गोष्टीने महिनाभर अडवले ती घ्या: मर्ज, रिकामी किंमत, मॅक्रोतले अवतरणचिन्ह, काहीही. दोन पाने मराठीत लिहा, शब्द इंग्रजी राहिले तरी चालतील, पण बाण काढून दाखवा. आणि तुमच्या संघात नुकत्याच आलेल्या मुलीला ती दोन पाने वाचायला द्या.